आगरातले आठ तंबू



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग स्क्रीनकडे बघायला बंदी होती. आता दिसतं आहे आणि रागही आला आहे, तेव्हा लिहिते. आज विषय घरगुती आहे. नात्यातल्या मंडळींनी तो आपल्यावरच आहे असं समजून वाचायला माझी हरकत नाही, कारण तो आपल्यावरच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दापोली तालुक्यात समुद्राला लागून माझ्या सासरचं आगर आहे. नारळ-सुपारीची अठ्ठावीस गुंठ्यांची वाडी, एक बाव, एक पडकं घर आणि पुढे सुरूचं बन, त्यापुढे पुळण आणि समुद्र. सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. त्यातली तीन पुण्यात, चार मुंबईत, दोन अमेरिकेत, एक मी (म्हणजे ह्यांच्या पश्चात माझं लागलेलं नाव), आणि एकच नाव प्रत्यक्ष गावात राहतं. तो माझा पुतण्या. शिंपणं, खत, माकडं हाकलणं, वीजबिल भरणं आणि आम्ही मे महिन्यात टपकलो की आम्हाला आंबे पुरवणं ही त्याची कामं. बाकी दहा नावांचं काम आठवणी काढणं.

तर या पुतण्याने दिवाळीत आमच्यापुढे एक कागद ठेवला. आगराच्या रस्त्याकडच्या बाजूला, जिथे झाडं पडून मोकळं झालं आहे तिथे, आठ तंबू. बायकांसाठी तीन आणि पुरुषांसाठी दोन संडास, न्हाणीघरं, एक उघडा स्वयंपाकाचा ओटा आणि कोणी घरासारखी गाडी घेऊन आलं तर उभी करायला दोन जागा, नळ आणि विजेच्या जोडणीसह. पावसाआधी तंबू उतरवून माळ्यावर. एवढंच.

त्याच सुमारास पुण्याच्या एका बांधकामवाल्याकडून निरोप आला. सगळं आगर विकत हवं. समुद्र दिसणारे बंगले बांधायचे आहेत. रक्कम ऐकून आमच्यातल्या काहींचे डोळे माझ्याही आधी बरे झाले.

आता गंमत ऐका. ज्या मंडळींना विक्रीबद्दल 'विचार करायला हरकत नाही' असं वाटतं, त्याच मंडळींना तंबू मात्र अजिबात नकोत! का? तर 'आजोबांच्या आगराचं पावित्र्य'. 'आपण काय खानावळ चालवणारे लोक आहोत का?' आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य : 'मग तिथे कोणीही येईल.'

या 'कोणीही'बद्दल मला बोलायचं आहे.

१९८७ च्या डिसेंबरात मी नववीचा वर्ग घेऊन कोकणात सहलीला गेले होते. सातारा जिल्ह्यातली आमची शाळा, मुलं बहुतेक शेतकऱ्यांची आणि साखर कारखान्यातल्या कामगारांची. एसटीची सवलतीची गाडी. बेचाळीस मुलं, त्यातल्या सतरा मुली, मी आणि दोन सर. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, मग दापोली. रात्री एका शाळेच्या वर्गखोल्यांत सतरंज्या टाकून झोपलो आणि सकाळी हर्णैला गेलो. बहुतेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. एक मुलगा पाण्याची चव घेऊन मला येऊन सांगत होता, "बाई, खरंच खारट आहे हो!" भूगोलाच्या पुस्तकावर त्याचा तोवर विश्वास नव्हता.

दुपारी एक मुलगी पुळणीवर चक्कर येऊन पडली. ऊन लागलं म्हणून आम्ही पाणी द्यायला गेलो तर ती पाणी पिईना. मग कळलं की सतराच्या सतरा मुलींनी सकाळपासून पाणी प्यायलेलंच नव्हतं. किनाऱ्यावर कुठे जायची सोय नाही हे त्यांना गाडीतून उतरल्या उतरल्या समजलं होतं. मला समजलं नव्हतं. मी त्यांना सुवर्णदुर्ग दाखवत कान्होजी आंग्र्यांबद्दल सांगत होते आणि मुली तहान मारून ऐकत होत्या. शेवटी कडेच्या एका घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी परसातला संडास उघडून दिला, विहिरीतून स्वतः पाणी काढलं आणि सतरा मुली ओळीने जाऊन आल्या. बाईंनी वर प्रत्येकीला खोबऱ्याचा तुकडा दिला. मी त्यांना पैसे देऊ केले तर म्हणाल्या, "मुतायचे पैसे घेतात काय?"

(शब्द त्यांचा आहे, मी बदललेला नाही. मास्तरीणबाईंच्या लेखनात असा शब्द आला म्हणून कोणाला वाईट वाटलं तर ह. घ्या.)

हे ते 'कोणीही'. एसटीने येणारे, घरून दशम्या बांधून आणणारे, हॉटेलच्या खोलीचं भाडं विचारून परत फिरणारे. आपल्या अमेरिकेतल्या मंडळींचे आजोबाही याच वर्गातले होते, हे मी नम्रपणे लक्षात आणून देते.

गेल्या डिसेंबरात नातीच्या शाळेची सहल त्याच तालुक्यात गेली. आल्यावर मी पहिला प्रश्न तोच विचारला. किनाऱ्यावर काय काय होतं ते तिने बोटांवर मोजून सांगितलं. पॅरासेलिंग, बनाना राइड, जेटस्की, वाळूत पळणाऱ्या चारचाकी मोटारसायकली, घोडागाडी. आणि संडास? "एका हॉटेलमध्ये होता, पण 'फक्त ग्राहकांसाठी' असं लिहिलं होतं. मॅडमनी सगळ्यांसाठी चहा घेतला, मग जाऊ दिलं." एवढ्या वर्षांत आपण आभाळात उडायची सोय केली. ती म्हातारी बाई राहिली असती तर काय म्हणाली असती कोण जाणे!

आता मी इंग्लंडकडे वळते. तुम्ही म्हणाल, आलीच ही परदेशावर. पण माझं मत बदललं ते तिथे, म्हणून सांगणं भाग आहे.

माझी लेक लेस्टरला असताना, २०१४ च्या जुलैत, आम्ही पूर्व किनाऱ्यावर स्केगनेसच्या बाजूला इंगोल्डमेल्सला चार दिवस राहिलो. हॉटेलात नाही, कॅरव्हॅनमध्ये. कॅरव्हॅन म्हणजे मला वाटलं होतं की गाडीमागे जोडून न्यायचं घर. तशाही होत्या, पण आमची एका जागी कायमची उभी होती. खाली चाकं, पण चालणार कधीच नाही. आत दोन झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, बाहेर गॅसचे सिलिंडर. पाऊस आला की छपरावर असा आवाज की वाटावं पत्र्याच्या शाळेत बसलो आहोत. आणि अशी घरं किती? ओळीच्या ओळी. काड्यापेट्या मांडून ठेवल्यासारख्या, किनाऱ्याने लांबवर. मी नाक मुरडलं. समुद्र उत्तरेचा, थंडगार. वारा असा की साडी नेसून बाहेर पडणं म्हणजे शिडाचं गलबत. मी लेकीला म्हटलं, "पैसे देऊन यासाठी यायचं?"

शेजारच्या कॅरव्हॅनमध्ये नॉटिंगहॅमचा एक बसड्रायव्हर, बायको आणि तीन मुलं. दरवर्षी येतात. त्याचे आई-वडील यायचे, वडिलांचे आई-वडीलही यायचे. मी शिक्षिका, माझी सवय जात नाही, मी चौकशी सुरू केली. आणि मग लेकीच्या मागे लागून वाचनालयातली पुस्तकंही काढली. स्केगनेसला बिली बटलिनने आपली पहिली सुट्टीची छावणी १९३६ साली काढली. दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, तिथे कामगारांना पगारी सुट्टी देण्याचा कायदा झाला. म्हणजे गिरणीतल्या, खाणीतल्या माणसाला आधी सुट्टी हवी, मग ती घालवायला त्याच्या खिशाला झेपेल अशी जागा हवी, या दोन्ही गोष्टी कोणीतरी भांडून आणि धंदा करून, दोन्ही मार्गांनी, उभ्या केल्या. तिथल्या शिष्ट लोकांनीही नाकं मुरडलीच होती. स्केगनेस म्हणजे खालच्या लोकांची जागा, असं आजही बोललं जातं. ऐकून मला आपल्या घरातल्यासारखं वाटलं.

पुढे मोटारी वाढल्या, जिथे तिथे शेतात कॅरव्हॅन उभ्या राहू लागल्या, घाण झाली, तेव्हा १९६० साली त्यांनी कायदा केला. जागेला स्थानिक कौन्सिलचा परवाना, आणि परवान्याला अटी. दोन घरांमध्ये अंतर किती, पाणी कुठे, संडास कसे, आग लागली तर काय. आमच्या तळाच्या फाटकापाशी त्या परवान्याचा फलक होता. मी तो उभी राहून पूर्ण वाचला. जावई लांब उभे राहून घड्याळ बघत होते.

मी हे सगळं सोनेरी करून सांगत नाही. तो किनारा मला सुंदर वाटला नाही. मैलोन् मैल त्याच पेट्या. काही पेट्यांमध्ये तर निवृत्त म्हातारे वर्षातले बहुतेक महिने काढतात, कारण शहरातलं घर परवडत नाही. ती सुट्टी नव्हे, ती निराळीच गोष्ट. पण तिथे चार गोष्टी मी पाहिल्या त्या इथे कधी पाहिल्या नाहीत. पुळणीवर लाल-पिवळे झेंडे आणि त्यांच्यामध्येच पोहायचं, बघायला जीवरक्षक. सार्वजनिक संडास. किनारा सगळ्यांना मोकळा. आणि जवळच जिब्राल्टर पॉइंट म्हणून राखीव किनारा आहे तिथे छोटे सुरय पक्षी वाळूत अंडी घालतात, तर त्या दिवसांत तेवढी वाळू दोरी लावून बंद. बसड्रायव्हरची मुलं दोरीच्या अलीकडे पालथी पडून दुर्बिणीने पाहत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही सीलचं अनाथालय पाहिलं (नेचरलँड, १९६५ पासूनचं), किनाऱ्यावर आईविना सापडलेली पिल्लं तिथे वाढवून परत समुद्रात सोडतात. त्याच गावात यंत्राचे पाळणे, गाढवावरची सफर, नाणी गिळणारी जुगारी यंत्रंही होती, मुलं तिथेही गेली. मला वाटलं होतं की एकदा गर्दी आली की पक्षी जाणार. तसं असायलाच हवं असं नाही, हे मी त्या दिवशी शिकले, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी.

आता परत आगरात येऊ.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली, सगळीकडे वाड्या आडव्या झाल्या. आमच्या आगरातल्या सुपाऱ्या एकावर एक पडल्या होत्या, खराट्याच्या काड्या सांडाव्यात तशा. पुतण्याने फोनवर फोटो पाठवले, आम्ही सगळ्यांनी 'अरेरे' लिहिलं. सुपारी नव्याने लावली तर उत्पन्नाला सहा-सात वर्षं जातात. सरकारची भरपाई हेक्टरच्या हिशेबाने जाहीर झाली तेव्हा गुंठ्यांत वाडी असणाऱ्यांच्या हातात काय येणार हा प्रश्न सगळ्या किनाऱ्याने विचारला होता. आमच्या अकरा नावांपैकी दहांनी तेव्हा किती पैसे पाठवले याचा हिशेब मी इथे मांडत नाही. माझाही त्यात फार मोठा आकडा नाही.

म्हणून 'पावित्र्य' हा शब्द मला घशाखाली उतरत नाही. ज्या माणसाने पडलेली झाडं करवतीने कापून बाजूला केली, त्याला आठ तंबू टाकू नको म्हणायचं, आणि बंगलेवाल्याला सगळं देऊन टाकायचं तर विचार करू म्हणायचं! बंगल्यांमुळे काय राहणार आहे पवित्र? आगराभोवती जांभ्याच्या गडग्याऐवजी सिमेंटची भिंत आणि वर काचा. पुळणीवर जायची जी पाखाडी गावातली कोळीणही वापरते, तिच्यावर फाटक. वर्षातले अकरा महिने कुलूप. आणि बाराव्या महिन्यात प्रत्येक बंगल्यात पोहायचा तलाव, समुद्र समोर असताना! पाणी कुठून? आमच्याच बावीतून. रेतीची जमीन, गोड्या पाण्याचा थर पातळ, उपसा वाढला की समुद्र आत येतो, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल.

भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आतल्या बांधकामांची किती प्रकरणं आमच्या तालुक्यात गाजली ती वर्तमानपत्रात वाचलीच आहेत तुम्ही. नियम १९९१ पासून आहे. त्याचं पुढे काय होतं तेही आपल्याला माहीत आहे. तंबूलाही परवानगी लागते, आणि ती पुतण्याने रीतसर काढायचीच आहे, त्यात मी सूट देणार नाही. पण एक फरक बघा. तंबू चुकला तर एका दिवसात निघतो. काँक्रीट चुकलं तर नातवंडं कोर्टात जातात.

सरकारनेही २०२१ च्या फेब्रुवारीत कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. मी आनंदाने वाचायला घेतलं. चांगल्या गोष्टी आहेत त्यात, कॅरव्हॅन उभ्या करायच्या तळांचा विचार आहे. पण मला सारखं वाटत राहिलं की हे धोरण गाडीचा विचार आधी करतं आणि माणसाचा नंतर. अहो, आमच्या गावातल्या रस्त्यावर एसटी आली की समोरच्या रिक्षेला कोणाच्या तरी खळ्यात शिरावं लागतं. दोन्ही बाजूंना गडगे, वर माडाच्या झावळ्या. त्या रस्त्यावरून पंख्यासकट घर चालवत नेणारा वाहनचालक मला बघायचाच आहे. आठ तंबूंना दोन गाड्यांची जागा, हे पुतण्याचं प्रमाण मला बरोबर वाटतं. जी गाडी येईल ती येईल. बाकीचे एसटीच्या थांब्यावर उतरून पिशव्या घेऊन चालत येतील, त्यांच्यासाठी तळ हवा.

आणि 'मुलांना तिथे करायचं काय?' म्हणून विचारणाऱ्यांना काय सांगू! एका भाचीने अगदी गंभीरपणे विचारलं, तिथे 'ॲक्टिव्हिटीज' काय आहेत. बाळा, हर्णैला दुपारी होड्या लागल्या की किनाऱ्यावर माशांचा लिलाव होतो, बायका बोली लावतात, आणि बैलगाड्या पाण्यात घालून मासे आणताना मी पाहिलेल्या आहेत. गणित, भाषा आणि व्यवहार तिन्ही विषय एका तासात. आसूदला सुपारीच्या बागांमधून उतरून ओढा ओलांडून केशवराजाच्या देवळात जा, दगडी पन्हळीतून पाणी कसं आणलं आहे ते मुलांना शोधून काढू दे. हा श्री. ना. पेंडश्यांचा मुलूख, मुर्डी तिथेच शेजारी. पन्हाळेकाजीला एकोणतीस लेणी आहेत. उन्हवऱ्याला गरम पाण्याचे झरे. पालगडला साने गुरुजींचं घर. मुरूडला धोंडो केशव कर्वे वाढले, तिथून ते परीक्षेसाठी पायी कुठे कुठे गेले ते मुलांना सांगा आणि मग त्यांना गाडीतून दोनशे पावलं चालायला कंटाळा येतो का विचारा. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती, आणि त्याच आंजर्ल्याला, तसंच पलीकडे मंडणगडातल्या वेळासला, फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवाची पिल्लं.

वेळासचं मी मुद्दाम सांगते, कारण आमच्या वादातलं सगळ्यात चांगलं उत्तर तिथे आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ साली तिथे ऑलिव्ह रिडले कासवांचं काम सुरू केलं. त्याआधी अंडी खाल्ली जात, विकली जात. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. ती उचलून जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात पुरतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघाली की सोडतात. बघायला शहरांतून माणसं येऊ लागली. उतरतात कुठे? गावातल्या घरांत. जमिनीवर गाद्या, जेवायला भात, आमटी, मोदक. तिथे कोणी बंगले बांधावे लागले नाहीत. मी २०१७ मध्ये जाऊन आले. पिल्लू माझ्या चपलेपेक्षा लहान होतं आणि त्याला माझी अजिबात फिकीर नव्हती.

आता पुतण्याची पाळी. त्याला वाटत असेल काकू आपल्या बाजूने आहे. आहेच. पण काकूने सदतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत.

बाबा रे, 'आज तंबू, उद्या डीजे, परवा दारू' असं जे आपली मंडळी म्हणतात ते उगाच म्हणत नाहीत. गेल्या वर्षी रायगडातल्या एका तंबूतळावर आपल्याच नात्यातली मुलं राहून आली. रात्री अडीचपर्यंत भिंतीएवढे कर्णे चालू होते, सकाळी सुरूच्या बनात बाटल्यांचा खच. तळ चालवणारा मालक ठाण्याला राहतो. त्याने एक पोरगा नेमला होता, त्या पोराला कोण विचारतो? तू फाटकाशी स्वतः बसणार असशील तरच मी सही करते. रात्री दहानंतर आवाज नाही. समुद्राच्या बाजूला एकही दिवा नाही, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी आपल्या आगरात येऊन मरतील. पुळणीवर गाडी नाही, ती चारचाकी मोटारसायकल तर नाहीच, कितीही पैसे मिळोत. सुरूचं एकही झाड समुद्र नीट दिसावा म्हणून तोडायचं नाही. तंबूतून समुद्र दिसला नाही तर लोकांनी चालत जावं, पन्नास पावलं आहेत.

आणि पोहण्याबद्दल. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली दहापेक्षा जास्त कॉलेजची मुलं एका दुपारी बुडाली. त्यांच्याबरोबर शिक्षक होते. मी त्या रात्री झोपले नव्हते, कारण १९८७ मध्ये मीही मुलांना ओहोटी कधी आहे हे न विचारता पाण्यात सोडलं होतं. काही झालं नाही ते केवळ नशीब. तेव्हा फाटकावर रोजची भरती-ओहोटीची वेळ खडूने लिहिलेला फळा हवा. फळा मी देते. गावातल्या ज्या कोळ्याच्या मुलाला पोहता येतं त्याला सुट्टीच्या दिवसांत पगारावर ठेव. हा खर्च 'नंतर बघू' यादीत टाकू नकोस.

भाड्याचं म्हणशील तर तुझा आकडा मला जास्त वाटला. तू म्हणालास, "काकू, याहून कमी केलं तर परवडणार नाही." शनिवार-रविवारी घे ना जास्त! माझी हरकत नाही, पुण्याचे लोक देतात. पण सोमवार ते गुरुवार आठातले चार तंबू सहलीच्या शाळांना आणि एसटीने येणाऱ्यांना स्वस्तात. तेव्हा ते तसेही रिकामे राहणार. आणि संडास किनाऱ्यावर आलेल्या कोणालाही उघडे. 'फक्त ग्राहकांसाठी' ही पाटी आगरात लागलेली मला दिसली तर मी स्वतः येऊन काढीन, डोळ्याला टाके असले तरी.

विकायच्या बाजूच्या मंडळींना आणखी एक. तुमच्या हिश्श्याचे पैसे तुम्हाला हवेत, यात चूक काहीच नाही. मुलांची शिक्षणं आहेत, घरांची कर्जं आहेत. तसं सरळ बोला, मी ऐकून घेईन. पुतण्या हप्त्याने देईल, कमी देईल, पण देईल, त्याने तसं लिहून दिलं आहे. पण पैसे हवेत म्हणून सांगायचं सोडून आजोबांना मध्ये आणू नका. आजोबांच्या पडवीत गणपतीला मुंबईहून पंचवीस-तीस माणसं उतरायची आणि घोंगड्या पुरायच्या नाहीत, हे मी नवी सून म्हणून डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यातली निम्मी कोणाची कोण होती हे सासूबाईंनाही सांगता यायचं नाही. त्या फक्त तांदूळ वाढवायच्या.

विक्रीला अकरा सह्या लागतात. त्यातली एक माझी आहे आणि ती मिळणार नाही. वकिलाकडून निरोप पाठवायची गरज नाही, फोन केलात तरी चालेल, दुपारी दोन ते चार सोडून.

परवा पुतण्याचा फोन आला होता. त्याच्या नकाशात संडासाची टाकी बावीपासून फारच जवळ दिसत होती म्हणून मी कागदावर लाल शाईने खूण करून परत पाठवली होती. म्हणाला, "काकू, नकाशा मापात नाही, प्रत्यक्षात लांब आहे." म्हटलं, "मग टेप लावून मोज आणि आकडा सांग." अजून सांगितलेला नाही.